साडेतीन हजारांत लायसन्स मिळतंय, घेऊ का?

पत्र थोडक्यात: साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आहे, नाव अर्थातच देत नाही. वय 46. घरात गाडी येऊन नऊ वर्षं झाली, चालवतात फक्त मिस्टर. आई वाईला एकटी राहते, गुडघे आणि बीपी, महिन्यातून दोनदा तरी तिला डॉक्टरकडे न्यावं लागतं आणि दरवेळी मिस्टरांची सुट्टी बघून तारीख ठरते. म्हणून यंदा ताईंनी ड्रायव्हिंग स्कूल लावलं, पंधरा दिवस, रोज अर्धा तास. कच्च्या लायसन्सची परीक्षा घरूनच ऑनलाइन दिली ("कॅमेऱ्यासमोर मी होते पण उत्तरं मुलगाच सांगत होता"). मग घरच्या गाडीवर मिस्टरांना शेजारी बसवून चार वेळा बाहेर पडल्या. चौथ्या वेळी चढावर गाडी बंद पडली, मागे सरकली, मागचा रिक्षावाला ओरडला, मिस्टर त्याच्यापेक्षा जास्त ओरडले आणि ताई तिथेच गाडीतून उतरून चालत घरी आल्या. नंतर टेस्टला रिव्हर्स घेताना दांडा पाडला, नापास. कच्च्या लायसन्सची मुदत संपायला आता दोन महिने उरलेत. ओळखीचा एजंट म्हणतो साडेतीन हजार द्या, टेस्टचं मी बघतो. मुलगा म्हणतो ऑटोमॅटिक घेऊ. मिस्टर म्हणतात राहू दे, नाही जमणार तुला, रिक्षा आहेत की. ताईंचा प्रश्न असा: "या वयात हात आणि पाय एकत्र चालत नाहीत बहुतेक. एजंटला पैसे देऊन मोकळं व्हावं का नादच सोडावा?"

ताई, नमस्कार.

तुम्ही भर रस्त्यात गाडीतून उतरून चालत घरी गेलात ते वाचून मी आधी हसले, राग मानू नका, कारण मी पण हेच केलंय, फरक एवढाच की मी उतरताना किल्ली पण घेऊन गेले होते आणि नवरा बिचारा गाडीत बसून राहिला. ते असो. आधी तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते, ते हात-पायवालं, कारण बाकी सगळं पत्र त्याच एका वाक्यावर उभं आहे असं मला वाटलं.

जरा हिशोब करू. पंधरा दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे साडेसात तास. त्यातून आधीच्या मुलीला घरी सोडायची पाच मिनिटं आणि सर पेट्रोल भरायला थांबले ती पाच मिनिटं वजा करा. आता सरकारने मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरसाठी जो कोर्स ठरवलाय ना, तो हलक्या गाडीसाठी चार आठवड्यांत 29 तासांचा आहे, 8 तास थिअरी आणि 21 तास प्रत्यक्ष गाडी. म्हणजे सरकारच्या मापाने, नुसते गाडीवरचे 21 तास धरले तरी, तुम्ही एक तृतीयांशाच्या जरा पुढे आहात. एक तृतीयांश भाजलेली भाकरी कच्ची निघाली तर आपण पिठाला नावं ठेवत नाही, परत तव्यावर टाकतो.

आणि त्या साडेसात तासांतही पाय नक्की कोणाचे होते? स्कूलच्या गाडीला सरांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतो. तुम्ही स्टेअरिंग धरलेलं, गाडी छान चाललीय, तुम्हाला वाटतंय जमतंय, आणि खाली सर गुपचूप क्लच दाबतायत. त्यांचीही चूक नाही म्हणा, दिवसाला पंधरा-वीस जणांना शिकवायचं, दरवेळी चौकात गाडी बंद पडली तर त्यांचं वेळापत्रक कोसळेल. पण यात होतं काय, की विद्यार्थी घरच्या गाडीत पहिल्यांदा बसतो तेव्हा त्याला कळतं की आपण आजवर फक्त स्टेअरिंग शिकलोय. आरशांचंही तेच. स्कूलच्या गाडीतला मधला आरसा एकदा तरी तुमच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला का? सीट पुढे-मागे केलेली? बहुतेक नाही, सरांना दिसतंय ना मग झालं. तेव्हा हात-पाय एकत्र चालत नाहीत हे निदान मला मान्य नाही, तुमच्या डाव्या पायाला अजून कामच मिळालेलं नाही असं मी म्हणेन.

आता मिस्टर. तुम्ही त्यांच्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून एखादी वाचक म्हणेल काय खडूस माणूस आहे, पण मला ते तसे वाटले नाहीत. घाबरलेला माणूस आहे तो. शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पायाखाली ब्रेक नसतो, तरी त्याचा पाय मॅटवर दाबला जातोच, आणि पायाला काही सापडलं नाही की तोंड सुटतं. "अगं क्लच, क्लच, क्लऽऽच!" याने आजपर्यंत कोणाचाही क्लच वेळेवर दाबला गेलेला नाही. वर गाडी त्यांची लाडकी, दर रविवारी स्वतः धुतात असं तुम्हीच लिहिलंय. माझा प्रश्न असा की ती गाडी घराची आहे का त्यांची? हे भांडायला म्हणून विचारत नाहीये, खरंच एकदा दोघांनी बसून बोलून घ्या, कारण "तुला नाही जमणार" यातलं अर्धं वाक्य "माझ्या गाडीला ओरखडा येईल" असं असतं आणि ते बाहेर आलं की वातावरण बरंच निवळतं. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवलीच पाहिजे असा काही नियम नाही. शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस हवं, एवढाच नियम आहे. ते माणूस भाऊ असू शकतं, मैत्रीण असू शकते, किंवा त्याच स्कूलच्या सरांना तासावर पैसे देऊन तुमच्या घरच्या गाडीत बसवता येतं, विचारून बघा, पुष्कळ जण तयार होतात. मुलाकडे स्वतःचं पक्कं लायसन्स असेल तर तो पण चालेल, फक्त त्याचंही कच्चंच असेल तर दोन कच्चे मिळून एक पक्कं होत नाही. आणि एकटीने तर कच्च्या लायसन्सवर कॉलनीच्या गेटपर्यंतसुद्धा गाडी काढायची नाही, पकडलं तर विनालायसन्सचा दंड 5000 रुपये, आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे.

बाय द वे, गाडीला पुढे-मागे एल लावला होता का? पांढऱ्यावर लाल, ठळक? माझी शंका आहे की नव्हता. घरच्या गाडीवर एल चिकटवायला लोकांना लाज वाटते, काचेला डिंक लागतो वगैरे. तो लावणं बंधनकारक आहे हे एक, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे मागचा रिक्षावाला दोन हात लांब थांबतो. चढावर तुमची गाडी सरकली तेव्हा तो चिकटून उभा होता, त्याला कसं कळणार तुम्ही शिकताय ते.

आता एजंट. तुम्ही लिहिलंय "सगळेच देतात." सगळे देत नाहीत, पण बरेच देतात हे खरं, आणि मी उंटावरून शेळ्या हाकत नाहीये, मी स्वतः दिलेत. 1999 साली, सांगलीत, मी पंचविशीत होते. लायसन्सची तेव्हा छोटी पुस्तिका मिळायची. एका गृहस्थांनी सगळं "बघितलं", मी मैदानात गाडी सरळ वीस फूट नेली आणि झालं, पास. पुढची अकरा वर्षं ते लायसन्स मी फक्त रेल्वेत टीसीला ओळखपत्र म्हणून दाखवलं. घरात गाडी होती, कपाटात लायसन्स होतं आणि मी स्टँडवर एसटीची वाट बघत उभी असायचे. कारण मला आतून पक्कं माहीत होतं की मला येत नाही, आणि आता लायसन्स असल्यामुळे शिकायला जायचीही लाज वाटायची, लोक म्हणणार अगं तुझ्याकडे आहे की लायसन्स! पुढे छत्तिसाव्या वर्षी परत शाळेत नाव घातलं तेव्हा कुठे गाडी हातात आली. तुमचे साडेतीन हजार गेले याचं मला फार वाईट वाटणार नाही, पैसे येतात-जातात, पण ते देऊन तुम्ही वाईला आईकडे गाडी घेऊन जाणार आहात का, एवढं स्वतःला विचारा. चढावर गाडी उद्याही तशीच मागे येणार, मागे उभ्या असलेल्या माणसाला लायसन्स दाखवून ती थांबत नाही. ऑनलाइन फॉर्म, अपॉइंटमेंट, फोटो अपलोड हे जमत नसेल आणि त्यासाठी कुणी सायबर कॅफेवाला शे-दोनशे घेत असेल तर खुशाल द्या, ते वेगळं. टेस्ट परत द्यायची सरकारी फी 300 रुपये आहे. तीनशे आणि साडेतीन हजार, यातला फरक कुठे वापरायचा ते पुढे सांगते.

आणि एक, तो व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, की ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट मिळालं की आरटीओत टेस्ट द्यावी लागत नाही. 2024 च्या जूनच्या सुमारास तो इतका फिरला की केंद्राच्या परिवहन मंत्रालयाला खुलासा करावा लागला की नियम काही बदललेला नाही. ती सूट फक्त सरकारमान्य, ठरावीक दर्जाच्या ट्रेनिंग सेंटरपुरती आहे, कोपऱ्यावरच्या स्कूलला नाही. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण असं विचारणारी तीन पत्रं पडलीयत म्हणून इथेच उरकते.

तारखांचं गणित बघा. एकदा नापास झालं की सात दिवसांनी परत टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या टेस्टनंतर साठ दिवस थांबावं लागतं. कच्चं लायसन्स सहा महिन्यांचं, तुमचे दोन उरलेत. म्हणजे आजपासून तीन आठवडे नीट सराव, मग टेस्ट, त्यात गेलात तरी अजून एकदा द्यायला वेळ आहे, फक्त अपॉइंटमेंट आत्ताच बघून ठेवा कारण ऐनवेळी तारखा मिळत नाहीत. आणि मुदत संपलीच तर? नवीन कच्चं काढायचं, परत तीस दिवस थांबायचं, शे-दोनशे रुपये जास्त जातील, आभाळ कोसळणार नाही. ही मुदत तुमच्या मानेवर बसलीय म्हणून एजंट गोड वाटतोय, तेवढं लक्षात असू द्या.

कच्च्या लायसन्सच्या परीक्षेबद्दल जरा रागावू का? पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास, आणि तेवढेही मुलाने सोडवले! आपल्या सगळ्या गाडी शिकण्यात थिअरी म्हणून असतं ते एवढंच, तेही गेलं. आता असं करा, एका संध्याकाळी परिवहनच्या साइटवरची सरावाची टेस्ट एकटीने बसून द्या, मुलाला दूध आणायला पाठवा. अरुंद घाटात समोरासमोर दोन गाड्या आल्या तर थांबायचं कोणी? उतरणाऱ्याने, चढणाऱ्याला वाट द्यायची. का, ते चढावर बंद पडलेल्या तुमच्याइतकं कोणाला कळणार! गोल चौकात आधी कोणाला जाऊ द्यायचं? उजवीकडून येणाऱ्याला. साताऱ्याच्या रस्त्यावर हे सगळे पाळतात असं मी म्हणत नाही, पण पाळायचं काय ते माहीत असलं की समोरचा चुकतोय का आपण, हे तरी कळतं, आणि नवख्या माणसाची निम्मी भीती तिथेच असते, हॉर्न वाजला की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटणं.

आता गाडी. पहिले तीन दिवस रस्त्यावर जाऊच नका. सकाळी सहाला एखादं मोकळं सपाट मैदान गाठा. सीट अशी लावा की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, उंची कमी असेल तर खाली घट्ट उशी घ्या, त्यात काही कमीपणा नाही, बॉनेटच दिसत नसेल तर दांडा कुठून दिसणार. मग पहिला गिअर, आणि अॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. क्लच मुंगीच्या पावलाने सोडायचा. एका जागी आल्यावर इंजिनचा आवाज जरा जड होतो, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं, सीटखाली थरथर लागते. तो हाफ क्लच. तिथे पाय थांबवायचा, गाडी आपोआप सरपटायला लागते. क्लच-ब्रेक दाबून थांबवा. परत. रोज चाळीस-पन्नास वेळा. कंटाळवाणं आहे, शेजारचा माणूस झोपेल, झोपू दे, उलट बरं. तिसऱ्या दिवशी ती जागा तुमच्या पायाला आपोआप सापडायला लागेल, डोक्याला विचारावं लागणार नाही.

मग चढ. मी सांगलीची, आमच्याकडे चढ म्हणजे पुलाचा तेवढा, त्यामुळे मी हे फार उशिरा शिकले, पन्हाळ्याच्या चढावर, मागे लग्नाची बस असताना. तुमच्याकडे चढांची काय कमी, समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाताना पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हा जा. चढावर थांबा, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि ब्रेकवरचा पाय काढा. गाडी जागेवर आहे. जरा वेळ तशीच बसा, आजूबाजूला बघा, कारण तुम्हाला हे अनुभवायचंय की पाय काढला तरी गाडी कुठे जात नाही. आता पहिला गिअर, क्लच सोडत सोडत हाफ क्लचला आणा, तीच थरथर आली, उजव्या पायाने थोडी रेस द्या, गाडी पुढे जायला ओढ घेतेय असं वाटलं की हँडब्रेक सोडा. बस. मागे इंचभर येणार नाही. त्या दिवशी तुमची गाडी सरकली कारण एकाच उजव्या पायाने ब्रेक सोडून रेसवर जायचं होतं आणि मधल्या क्षणात गाडीला धरणारं कोणीच नव्हतं. पुढे सवय झाल्यावर हँडब्रेकशिवायही जमतं, पण आत्ता नको, टेस्टलाही हँडब्रेक वापरून चढावर गाडी काढली तर कोणी मार्क कापत नाही. जळका वास आला तर घाबरू नका, क्लच जास्त वेळ अर्धा धरलाय एवढंच, पाच मिनिटं थांबा. पोवई नाक्यावर मात्र एवढ्यात जायचं नाही, ग्रेड सेपरेटरमध्ये उतरून परत वर चढताना गर्दीत अडकलात तर आत्ता घेतलेला धीर तिथेच सोडून याल.

रिव्हर्सचं सांगते, कारण दांडा तिथे पडला. गाडीची शेपटी ज्या बाजूला न्यायचीय त्या बाजूला स्टेअरिंग काटायचं, हे वाक्य पाठ करा, बाकी डावं-उजवं विसरा. आणि पुढचं कोणी सांगत नाही ते असं, की मागे बघत तुम्ही स्टेअरिंग फुल काटता तेव्हा गाडीचं नाक पुढून उलट बाजूला बाहेर फिरतं, दांडा बहुतेक वेळा नाकच पाडतं. तुमचा मागच्या बाजूने पडला का पुढच्या, आठवतंय का? सरावाला लोक पाण्याच्या बाटल्या ठेवतात, त्या सीटवरून दिसतच नाहीत. रंगाचे रिकामे डबे घ्या, वाळू भरा, त्यात झाडूच्या काठ्या खोचा. वेग फक्त क्लचवर, रेस नाहीच. अंदाज चुकला तर थांबा, गोंधळात स्टेअरिंग फिरवत राहण्यापेक्षा थांबलेली गाडी कधीही बरी. अजून एक, तुमचं वय 46, चाळिशीचा चष्मा असणार. वरून लांबचं आणि खालून जवळचं अशा काचा असतील तर आरशात बघताना नजर खालच्या भागातून जाते आणि दांडा भलतीकडेच दिसतो. माझं हे सहा महिने चाललं होतं, मी स्वतःला मठ्ठ समजत होते, डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. एकदा दाखवून घ्या. (चाळिशी ओलांडलेल्या इतर वाचकांसाठी: कच्च्या लायसन्सच्या अर्जालाच डॉक्टरची सही असलेला 1-अ नमुना लागतो. तो भरताना डॉक्टर कागदावरून मान वर न काढता सही ठोकतात, तुम्ही आपणहून डोळे तपासायला सांगा.)

ऑटोमॅटिकचं मी नाही म्हणणार नाही. कारच्या लायसन्सला गिअरची आणि बिनगिअरची अशी वेगळी वर्गवारी नाही, ती दुचाकीला आहे, तेव्हा कायद्याने अडचण काही नाही. क्लचच नसला तर तुमची निम्मी डोकेदुखी जाईल हेही खरं. पण आत्ता दारात उभी आहे ती गिअरची, आईकडे जायचंय ते पुढच्या महिन्यात, आणि ऑटोमॅटिक येणार ती मुलाच्या बोलण्यात. त्यात सगळ्या ऑटोमॅटिक चढावर जागेवर थांबतात असंही नाही, स्वस्तातल्या कितीतरी गाड्या मागे येतातच. आणि त्यात नवखा माणूस घाबरला की ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबतो, गाडी बंद पडत नाही, ती सुटते. गिअरची गाडी निदान बंद तरी पडते! हातातली शिका, पुढे गाडी बदलायची वेळ आली तर अवश्य ऑटोमॅटिक घ्या, आणि तेव्हा कोणी "बायकांची गाडी" म्हणालं तर त्याला पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास क्लच दाबायला लावा.

टेस्टच्या दिवशी जमलं तर स्वतःच्याच गाडीने जा, तिचा क्लच तुमच्या पायाला ओळखीचा आहे, फक्त आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि दोन्ही एल तपासून घ्या. चप्पल सरावाला होती तीच, नवी नको, ओढणी गिअरमध्ये अडकणार नाही अशी. गाडीत बसल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. सीट, आरसे, बेल्ट, गिअर न्यूट्रल आहे का, हे इन्स्पेक्टर साहेबांना दिसेल असं करा, अगदी मान वळवून. निघताना इंडिकेटर, थांबताना इंडिकेटर. गाडी बंद पडली तर हँडब्रेक, न्यूट्रल, परत चालू. गाडी बंद पडून शांतपणे चालू करणारी बाई आणि गाडी बंद पडल्यावर रडकुंडीला येणारी बाई यातला फरक साहेबांनाही कळतो. पास झालात तर तुमच्या वयाला लायसन्स दहा वर्षांचं मिळेल. सुटीमध्ये शिकणाऱ्या अठरा-वीसच्या पोरांच्या रांगेत उभं राहायला संकोच वाटतो असं लिहिलंयत, तर त्या रांगेत पोटात गोळा तुमच्यापेक्षा त्यांनाच मोठा असतो, घरी जाऊन वडलांना तोंड दाखवायचं असतं.

आता ते साडेतीन हजार. एका पाकिटात घालून कपाटात ठेवा आणि मिस्टरांना दाखवून सांगा, हे पहिल्या ओरखड्याचे. कारण ओरखडा येणार, ताई. गेटला लागेल, कुंडीला लागेल, माझा पहिला सासूबाईंच्या तुळशीवृंदावनाला लागला होता आणि त्यांनी गाडीकडे न बघता आधी तुळशीकडे बघितलं. बंपर घासला तर साधारण तेवढ्यात होऊन जातं. आधीच ठरलेलं असेल की हे होणार आहे आणि त्याचे पैसे बाजूला आहेत, तर त्या दिवशी ओरडायला विषयच उरत नाही. घरातल्या घरात असा करार फार उपयोगी पडतो, ज्यांच्याकडे मुलं-मुली नव्याने शिकतायत त्यांनीही करून बघा.

लायसन्स आल्यावर ते कपाटात जाऊ नये म्हणून पहिल्याच आठवड्यात, मिळाल्याचे पेढे संपायच्या आत, गाडी रोज काढायची. भाजी आणायला, पंधरा मिनिटं, गर्दी नसताना. मग रविवारी सकाळी साडेसहाला कोणाला तरी शेजारी घेऊन हायवेला, वाढे फाट्यावरून लिंब फाट्यापर्यंत जाऊन परत. आनेवाडीच्या टोलनाक्यापुढे पहिल्या दोन वेळी जाऊ नका, फास्टॅगचे पैसे तरी वाचतील. तिसऱ्या वेळी पाचवड आणि मग वाई. हायवेवर डावीकडची लेन धरा, मागून कोणीही कितीही डिपर मारू दे, त्याला जायचं असेल तर तो जाईल. आणि तुमच्या भागात उसाचा हंगाम सुरू झाला की अंधारात वाईहून निघायचंच नाही असं ठरवून टाका, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे धड दिवा नाही, ऊस बाहेर लोंबलेला, ओव्हरटेक करायला घेतलं की संपतच नाही. आईकडे मुक्काम करा, तिला तेच हवंय.

आणि पहिल्यांदा एकटी जाल त्या दिवशी तिला निघताना सांगू नका. नाहीतर दर दहा मिनिटांनी "कुठपर्यंत आलीस" म्हणून फोन येणार, तो शेजारच्या सीटवर वाजत राहणार आणि तुमचा हात जाणार. फोन सायलेंट करून पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर. दारात गाडी लावून, हँडब्रेक ओढून, मग खालून हाक मारा.